नळ कोणाच्या नावावर आहे?

शहराशहरांतील पाणीखात्यांना अलीकडे 'ग्राहक' या शब्दाची मोठी गोडी लागली आहे. पाणीपट्टी मोबाइलवरून भरा, तक्रार घरबसल्या नोंदवा, मीटरचे वाचन आपोआप होईल, पाणी कधी येणार याचा संदेश आगाऊ मिळेल, अशी आश्वासने महानगरपालिकांच्या पत्रकांतून आणि अंदाजपत्रकांवरील भाषणांतून वारंवार ऐकावयास मिळतात. या सुधारणांना आमचा विरोध नाही. जे खाते आपल्या ग्राहकाशी बोलत नाही, ते त्याची सेवाही नीट करू शकत नाही, हे आम्ही मानतो. परंतु वाचकहो, या सर्व गोष्टींच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. खाते ज्या ग्राहकाशी बोलू इच्छिते, तो ग्राहक कोण? ज्याचे नाव खात्याच्या वहीत आहे तो. मग ज्याचे नाव त्या वहीत नाहीच, जो त्याच शहराचे पाणी पितो पण ज्याच्या नावावर नळ नाही, त्याच्याशी खाते कोणत्या यंत्रावरून बोलणार आहे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पाणीपुरवठ्याचे आधुनिकीकरण यंत्रापासून सुरू होत नाही. ते नोंदीपासून सुरू होते. शहरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे नाव पाण्याच्या वहीत येणे ही पहिली सुधारणा होय. बाकीच्या सुधारणा तिच्यामागून याव्यात. हा क्रम उलटा केला तर जे आधीच आत आहेत त्यांची सोय वाढते आणि जे बाहेर आहेत ते अधिकच बाहेर ढकलले जातात.

हा क्रम आपल्या समाजाला नव्याने शिकविण्याची गरज नाही. पाण्याच्या बाबतीत ठराव आणि पाणवठा यांमध्ये किती अंतर असते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण ओंजळ पाण्याला लागली नाही. ती लागण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. पुढे त्याच नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला. या इतिहासापासून घ्यावयाचा बोध असा की, हक्क जाहीर करणारा कागद आणि हक्क अंमलात आणणारी व्यवस्था या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिला झाला म्हणजे दुसरी आपोआप होते, असे मानणारा माणूस तहानलेलाच राहतो.

आज संविधानाच्या १५ व्या कलमाने विहिरी, तळी व घाट सर्वांना खुले आहेत आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. सार्वजनिक पाणवठ्यावर किंवा नळावर दलितास अडविणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला आहे. हे सर्व मोलाचे आहे. परंतु शहरातला पाणवठा आता तळ्याच्या काठावर राहिलेला नाही. तो जमिनीखालच्या नळात गेला आहे. तळ्याच्या काठावर कोणी अडविले तर अडविणारा दिसतो. नळाच्या बाबतीत अडविणारा दिसत नाही. तेथे एक अर्ज असतो, त्या अर्जासोबत जोडावयाच्या कागदांची यादी असते आणि त्या यादीतला एखादा कागद आपल्यापाशी नसतो. एवढ्यावर काम भागते. कोणी शिवी देत नाही, कोणी काठी उगारीत नाही. तरीही पाणी येत नाही.

मुंबईचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र शासनाच्या १९९६ च्या परिपत्रकाने ठरावीक तारखेपूर्वीच्या झोपड्यांनाच नळजोडणी द्यावी असे धोरण पडले. तारखेच्या पलीकडे जन्मलेल्या वस्त्या पाण्याच्या वहीबाहेर राहिल्या. या विरुद्ध पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पाणी हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे एवढ्या कारणाने तीत राहणाऱ्यास पाणी नाकारता येत नाही. इतर नागरिकांच्या बरोबरीने पाणी मागण्याचा हक्क मात्र न्यायालयाने या लोकांना दिला नाही. हे सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे आहे. त्यानंतरही धोरण ठरण्यास, त्यातील अटी कमी होण्यास वर्षे गेली आणि २०२२ साली महानगरपालिकेने 'सर्वांसाठी पाणी' या नावाचे धोरण जाहीर केले. महाडच्या ठरावाप्रमाणेच हा कागदही चांगला आहे. पण आपण काठावर जाऊन पाहिले पाहिजे. जमीन केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याची असली म्हणजे 'ना हरकत' दाखल्याची अट आडवी येत आली आहे. जोडणी एकेका कुटुंबास न देता पाच किंवा अधिक कुटुंबांच्या गटास देण्याची रीत आहे; गटाच्या चिटणीसाच्या हाती वही, बिल आणि पर्यायाने नळाची तोटी राहते. ज्याचे चिटणीसाशी बिनसले, त्याचे पाणी बिनसले.

या वहीबाहेरच्या माणसाला पाणी मिळतच नाही असे नाही. पाण्यावाचून कोणी जगत नाही. तो शेजारच्या नळवाल्याकडून महिन्याच्या बोलीने पाणी घेतो, टँकरचे घेतो, हातगाडीवरच्या पिंपातले घेतो आणि हंड्यागणिक पैसे मोजतो. हजार लिटरांचा हिशेब केला तर पक्क्या इमारतीतल्या सुखवस्तू गृहस्थापेक्षा कित्येक पटींनी अधिक दर तो देतो. शिवाय त्याच्या घरातील स्त्री पहाटे उठून रांगेत उभी राहते, मुलीची शाळा बुडते, मजुरीचा खाडा होतो. याची तर कोठे नोंदच नाही. म्हणजे जो शहराच्या पाण्याची सर्वांत जास्त किंमत मोजतो, तोच शहराच्या वहीत ग्राहक नाही.

यावर पाणी अपुरे आहे, असे उत्तर हमखास दिले जाते. ते तपासून पाहू. मुंबईस तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा अशा सात जलाशयांतून दररोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी मिळते. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने माणशी दररोज ३०० लिटरांच्या आसपास पाणी पडते. त्यानंतरची वाढलेली वस्ती, कारखाने, रुग्णालये, गळती हे सर्व वजा घाला. तरीही माणसाच्या पिण्यासाठी, शिजविण्यासाठी आणि अंग धुण्यासाठी पुरेसे पाणी शहरात येते हे उघड आहे. प्रश्न येणाऱ्या पाण्याचा नसून वाटणीचा आहे. आणि वाटणीचे मापही आरंभापासूनच निराळे धरलेले होते. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा हस्तपुस्तिकेत मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांसाठी माणशी १३५ लिटरांचे प्रमाण सांगितले होते. सार्वजनिक नळकोंडाळ्यावरून पाणी घेणाऱ्यांसाठी ४० लिटरांचे. ज्याच्या घरात नळ नाही त्याची तहानही कमी असते, असा सिद्धांत जणू अभियांत्रिकीने मांडला होता!

आता पाणीखात्याचे काम कसे चालते ते समजून घेऊ. कारण आंधळ्या रागापेक्षा कामाची माहिती अधिक उपयोगी पडते. आपल्या बहुतेक शहरांत नळाला चोवीस तास पाणी नसते. शहराचे भाग पाडलेले असतात आणि ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह फिरवून एकेका भागास पाणी सोडले जाते. मुंबईत हे काम करणाऱ्यास लोक चावीवाला म्हणतात. पाणी बंद झाले की नळातला दाब नाहीसा होतो. मग जेथे जेथे नळास भेग आहे तेथून बाहेरची घाण आत ओढली जाते. वस्तीतील नळ गटारातून गेलेला असला म्हणजे ही घाण कसली असते हे सांगावयास नको. पाणी सुटले की आधी जवळची, खालच्या पातळीवरची घरे भरतात. मधल्या घरांनी मोटारी लावून ओढले की टोकाला धार उरत नाही. आणि टोकाला कोण राहतो? डोंगराच्या उतारावर, खाडीच्या काठावर, रुळांच्या कडेला कोणाची वस्ती आहे? गावातही नळाची वाहिनी गावठाणातून निघून शेवटी आपल्या वस्तीस पोहोचते. विज्ञानाच्या नियमाने दाब टोकाला कमी होतो हे खरे. पण टोकाला कोणास बसवावयाचे हे विज्ञानाने ठरविलेले नाही.

म्हणून ग्राहकाशी संवाद ही केवळ गोड बोलण्याची बाब नव्हे. पाणी किती वाजता सुटेल, किती वेळ राहील, ते आज का आले नाही, नळ केव्हा दुरुस्त होईल, एवढे जरी माणसास निश्चित कळले तरी त्याचा दिवस त्याच्या मालकीचा होतो. हे न कळणे म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे. अनिश्चितता हीच मध्यस्थाची कमाई आहे. वेळ गुप्त राहिली तर चावीवाल्याची मनधरणी करावी लागते, अर्ज कोठे अडला हे गुप्त राहिले तर दलालाचा खिसा भरावा लागतो, पाण्याचे श्रेय कोणाचे हे गुप्त राहिले तर निवडणुकीच्या आधी टँकर पाठविणारा दाता ठरतो. माहिती उघड झाली की याचकाचा ग्राहक होतो आणि दात्याचा नोकर होतो. आधुनिक यंत्रांचे खरे मोल येथे आहे.

हे घडू शकते काय? घडले आहे. कंबोडिया देशाची राजधानी नॉम पेन्ह हिचे उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे, कारण आपल्या शहरांपेक्षा तिची स्थिती अधिक वाईट होती. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने ते शहर रिकामे केले. पुढे लोक परतले ते मोडक्या नळांकडे. १९९३ साली एक सोन चान हे तेथील पाणीखात्याचे प्रमुख झाले, तेव्हा दिवसातून सुमारे १० तास पाणी असे, शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाण्याचा पैसा येत नसे आणि जी बिले पाठविली जात त्यांतील निम्मीही वसूल होत नसत. त्यांनी घरोघर माणसे धाडून ग्राहकांची मोजणी केली. तेव्हा आढळले की वहीत नावे असलेल्या अनेकांना पाणीच मिळत नव्हते आणि पाणी घेणाऱ्या हजारो घरांची नावे वहीत नव्हती. त्यांनी वही नव्याने लिहिली. प्रत्येक जोडणीस मीटर बसविले, सरकारी कचेऱ्या आणि बडे अधिकारी यांनाही पाणीपट्टी भरावयास लाविली आणि खात्यातील लाचखोरी मोडून काढली. गरीब कुटुंबांना जोडणीच्या खर्चात सवलत दिली. अत्यंत गरिबांना तो संपूर्ण माफ केला. पंधरा वर्षांच्या आत पाणी चोवीस तास झाले, वाया जाणारे पाणी सुमारे ६ टक्क्यांवर आले आणि वसुली जवळजवळ पूर्ण होऊ लागली. २००६ साली एक सोन चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या यशात यंत्रांचा वाटा नव्हता असे नाही. पण यंत्रे आली ती वही खरी झाल्यानंतर.

आपल्याजवळही उदाहरणे आहेत. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूर या छोट्या गावाने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठा सुरू केला. दुरून वाचता येणारी मीटर बसविली आणि दर असे ठेवले की कमी वापरणाऱ्यास कमी व अधिक वापरणाऱ्यास चढत्या भाजणीने अधिक आकार पडावा. पाणी सतत येते म्हटल्यावर साठवून ठेवण्याची आणि शिळे म्हणून ओतून देण्याची सवय सुटते. ओरिसातील पुरी शहरात २०२१ साली नळाचे पाणी थेट पिण्याजोगे व चोवीस तास देण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा बचत गटांतील स्त्रियांना 'जलसाथी' म्हणून नेमण्यात आले. त्यांनी घरोघर जाऊन मीटर वाचावे, बिल द्यावे, पैसे घ्यावेत, पाण्याची तपासणी करून दाखवावी, तक्रार कार्यालयापर्यंत न्यावी आणि या कामाबद्दल मोबदला मिळवावा, अशी ती रीत होती. ज्या घरात मोबाइल नाही किंवा ज्या वृद्धेस अक्षर येत नाही, तिच्याशीही खाते या मार्गाने बोलू शकते. ग्रामीण भागासाठी १५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्येही प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. आमची सूचना एवढीच की, या पाच जणींमध्ये आपल्या वस्तीतील स्त्री आहे काय आणि तपासणीसाठी घेतलेले पाणी वाहिनीच्या टोकाचे आहे काय, हे प्रत्येक गावच्या वाचकाने पाहावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आधुनिक म्हणून जे जे येते ते सर्व हितकारकच असते, असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहराने सोवेटोमधील फिरी या काळ्या लोकांच्या वस्तीत आगाऊ पैसे भरण्याची मीटर बसविली. दरमहा घरटी ६,००० लिटर पाणी फुकट. ते संपले आणि पैसे भरले नसले म्हणजे नळ आपोआप बंद. तेथे ना नोटीस, ना सुनावणी; यंत्राने निर्णय दिला आणि यंत्रानेच तो बजावला. शहरातील गोऱ्या वस्त्यांना मात्र आधी पाणी आणि नंतर बिल ही सवलत होती. वस्तीतील लोक न्यायालयात गेले. खालच्या दोन न्यायालयांत त्यांना यश मिळाले; पण २००९ च्या ऑक्टोबरमध्ये तेथील संविधान न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. याच्या उलट इंग्लंडात १९९९ च्या कायद्याने बिल थकले म्हणून राहत्या घराचे पाणी तोडण्यास बंदी केली आणि पाणी आपोआप बंद करणारी यंत्रेही त्यासाठी वापरता येणार नाहीत असे ठरविले. कंपनीने थकबाकी न्यायालयात वसूल करावी. तहान हे वसुलीचे हत्यार होऊ नये. दोन्ही देश आधुनिकच. फरक मीटरमध्ये नाही. मीटर कोणाचा नोकर आहे यामध्ये आहे. आपल्या शहरांत स्मार्ट मीटर येतील तेव्हा प्रत्येक वस्तीने हा प्रश्न आधी विचारावा.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, झोपडीवासी पैसे भरीत नाहीत. तो हंड्याहंड्याला पैसे भरतो हे वर दाखविलेच आहे. ते पैसे खात्याऐवजी मध्यस्थाकडे जातात, हा त्याचा दोष नव्हे. दुसरा आक्षेप असा की, नळ दिला म्हणजे अतिक्रमण कायम होईल. या आक्षेपास उत्तर त्याच झोपडीच्या भिंतीवर टांगलेले आहे, ते म्हणजे विजेचे मीटर. २००३ च्या विद्युत अधिनियमाने मालकास किंवा भोगवटादारास, मागणी केल्यावर मुदतीत वीज देणे हे पुरवठादाराचे कर्तव्य ठरविले. भोगवटादार हा शब्द लक्षात ठेवा. जमीन कोणाची हा प्रश्न विजेने विचारला नाही. तेथे राहतो कोण एवढेच विचारले. वीज मिळाली म्हणून कोणी जमिनीचा मालक झाला नाही. त्याच कायद्याने ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल नेमण्याची तरतूद केली. मग ज्या खोलीत दिवा कायदेशीर आहे त्या खोलीत घोटभर पाणी बेकायदेशीर कसे? दिव्यावाचून रात्र काढता येते. पाण्यावाचून दिवस काढता येत नाही.

यावरून आमच्या मागण्या स्पष्ट होतात. नळजोडणी भोगवट्यावर मिळावी. जमिनीच्या कागदाची व तिच्या मालकाच्या संमतीची अट पाण्यापुरती रद्द व्हावी. जोडणी गटाची असली तरी प्रत्येक कुटुंबाचे नाव, आणि त्यात घरच्या स्त्रीचे नाव, खात्याच्या वहीत असावे. प्रत्येक भागाची पाणी सुटण्याची वेळ मोबाइलवर तर कळवावीच, पण नाक्यावरच्या फलकावरही मराठीत लिहावी आणि वेळ चुकल्यास कारण त्याच फलकावर यावे. दाब मोजण्याची उपकरणे आधी वाहिनीच्या टोकाला बसवावीत. कारण टोकाला पाणी पोहोचले तर मध्ये ते पोहोचलेच. प्रत्येक तक्रारीस क्रमांक आणि मुदत असावी, मुदत टळल्यास ग्राहकास भरपाई मिळावी आणि विजेप्रमाणेच पाण्यासाठीही खात्याबाहेरचा स्वतंत्र मंच असावा. थकबाकीसाठी राहत्या घराचे पिण्याचे पाणी तोडणे बंद व्हावे. या मागण्यांत अशक्य असे काही नाही. यांतील प्रत्येक गोष्ट कोठे ना कोठे, पाण्याच्या किंवा विजेच्या बाबतीत, आज चालू आहे.

मागण्या करून थांबणे आपल्या परंपरेत बसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडास लोकांना तळ्याकाठी नेले. आणि तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना नद्यांच्या खोऱ्यांचे नियोजन, धरणे आणि जलमार्ग यांच्या केंद्रीय धोरणाची घडण करीत होते. एका हाताने हक्क मागावयाचा आणि दुसऱ्या हाताने व्यवस्थेचा अभ्यास करावयाचा, हा धडा त्यात आहे. दुसरा भाग आपण पुष्कळदा विसरतो. मोर्चा काढणे आपल्याला जमते. वही ठेवणे जमत नाही. खाते आपली वही लिहीत नसेल तर आपण ती लिहू.

म्हणून वाचकहो, ज्या वस्तीत आपण राहता तेथील विहारात किंवा समाजमंदिरात एक साधी वही ठेवा. तीत प्रत्येक दिवसाची तारीख, पाणी किती वाजता आले, किती वेळ राहिले, रंग व वास कसा होता, हे लिहा. कोणत्या घरी नळ आहे, कोणत्या घरी नाही, नाही तर ते पाणी कोठून व किती पैशांनी घेतात, हे लिहा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून करवून घ्या. त्यांना त्यातून गणितही येईल आणि नागरिकशास्त्रही. महिनाभराची नोंद झाली म्हणजे ती घेऊन पाणीखात्याच्या कार्यालयात जा. 'आमच्याकडे पाणी येत नाही' या वाक्यास अधिकारी सरावलेला असतो; तारखांच्या तक्त्यास तो सरावलेला नसतो.

ज्यांच्या घरी नळ नाही त्यांचे अर्ज लेखी करा. तोंडी उत्तर घेऊन परतू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये नळजोडणी ही मुदतीत द्यावयाची सेवा म्हणून अधिसूचित झालेली आहे. अर्जाची पोच आणि अर्ज क्रमांक मिळणे हा आपला हक्क आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही अथवा नाकारली गेली तर त्याच खात्यातील वरिष्ठाकडे पहिले अपील, नंतर दुसरे अपील आणि त्यापुढे लोकसेवा हक्क आयोग असा मार्ग आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाची रक्कम लहान आहे. पण तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो आणि त्याच्या नावावर लागतो. नाकारलेल्या अर्जावर कारण लेखी मागा. 'कागद अपुरे' असे उत्तर आले तर कोणता कागद आणि कोणत्या नियमाने, हे विचारा. मुंबईत १९१६ या क्रमांकावर महानगरपालिकेकडे तक्रार नोंदविता येते. ती केली तर तक्रारीचा क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्या. ज्या तक्रारीचा क्रमांक नाही, ती तक्रार झालीच नाही असे समजा.

सुशिक्षित तरुणांना आमचे एक वेगळे सांगणे आहे. मोबाइलवर अर्ज कसा भरावा, पाणीपट्टीचे देयक कसे वाचावे, मीटरवरचा आकडा आणि देयकावरचा आकडा जुळतो की नाही हे कसे पाहावे, या गोष्टी आपल्याला सहज येतात. शेजारच्या आजींना येत नाहीत. रविवारची एक सकाळ या कामास द्या. दलाल जे काम पैशासाठी करतो ते आपण बांधिलकीने केले तर दलालाचा धंदा बसेल. पाणीखात्यांत जे आपले अभियंते, लिपिक, मीटरवाचक आणि चावीवाले नोकरीस आहेत, त्यांनाही आम्ही विनवितो. आपण ज्या वस्तीतून आलात ती वस्ती नकाशावर कोठे आहे ते एकदा पाहा. ती वाहिनीच्या टोकाला असेल. आपल्या टेबलावर येणारा अर्ज अपुऱ्या कागदाचा असेल, तर तो परत फिरविण्यापूर्वी काय पुरे पडेल ते अर्जदारास सांगा. आपल्या खात्याची आधुनिकता त्या एका वाक्यात मोजली जाईल.

पाण्याचे व्यवहार बदलत आहेत आणि बदलणार आहेत. मीटर येतील, संदेश येतील, नळाची धार संगणकावर दिसेल. हे सर्व यावे. पण एखादा अधिकारी नव्या व्यवस्थेची थोरवी सांगू लागला म्हणजे त्यास आपण एकच प्रश्न शांतपणे विचारावा: आमच्या वस्तीत नळ किती आहेत, आणि ते कोणाच्या नावावर आहेत? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वहीत नसेल, तर आपली वही पुढे करावी.